मास इफेक्ट लेजंडरी एडिशन: 'सगळं डीएलसी' म्हणतात ते कितपत सगळं?

तीन गेम, चाळीसहून जास्त डीएलसी (मूळ गेमला नंतर जोडायचा जादा माल: मोहिमा, साथीदार, शस्त्रं) आणि एकच लाँचर. बायोवेअर स्टुडिओच्या अंतराळकथेच्या तीन गेमांची ही सुधारलेली एकत्रित आवृत्ती, मास इफेक्ट लेजंडरी एडिशन, १४ मे २०२१ रोजी पीसी, पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आली, तेव्हा जाहिरातीत हाच आकडा पुढे होता. सुधारलेली टेक्स्चर्स आणि पहिल्या भागातली नवी नेमबाजी यांवर भरपूर लिहून झालं आहे. इथे तपासायचं आहे फक्त डीएलसी: आत काय आहे, ते कुठे बसवलं आहे, काय गळलं आहे आणि का गळलं आहे. जुन्या गेमांच्या एकत्रित आवृत्तीत सगळं डीएलसी असावं की नसावं हा वाद वरचेवर होतो, आणि त्याची उत्तरं या एका पॅकेजमध्ये चांगल्या-वाईट दोन्ही रूपांत सापडतात.

मूळ गेमांच्या वेळी डीएलसीची किती विस्कटलेली व्यवस्था होती, हे आधी लक्षात घ्यावं लागेल. २०१० साली मास इफेक्ट २ च्या नव्या प्रतीबरोबर 'सर्बेरस नेटवर्क'चं एकदाच चालणारं कोड मिळायचं. झाईद हा अख्खा साथीदार त्या कोडमागे होता, म्हणजे सेकंड-हँड डिस्क घेणाऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे मोजायचे. २०१२ मध्ये मास इफेक्ट ३ आला त्याच दिवशी 'फ्रॉम ॲशेस' विकायला आलं आणि त्यात होता जाविक, म्हणजे जिवंत प्रोथियन. ज्या नामशेष जातीभोवती पहिल्या भागापासून कथा फिरते, तिचा शेवटचा माणूस स्वतंत्र खरेदीच्या मागे. पीसीवर तर डीएलसी 'बायोवेअर पॉइंट्स'मध्ये विकलं जायचं. पॉइंट्स ठरावीक गठ्ठ्यांत मिळायचे, त्यामुळे हवे त्यापेक्षा जास्त घ्यावे लागत, आणि मूळ गेम सवलतीत मिळू लागला तरी डीएलसीचा भाव सहसा हलत नसे.

हा सगळा गुंता लेजंडरी एडिशनने एका फटक्यात संपवला. कोड नाही, पॉइंट्स नाहीत, वेगळं डाउनलोड करून लायसन्स जुळतंय का बघत बसणं नाही. जाविक हा आता कथेतला साथीदार आहे, ऐच्छिक माल नाही. केवळ एवढ्यासाठीही ही आवृत्ती मूळ तीन गेमांपेक्षा वरचढ ठरते.

तरी नुसतं आत असणं वेगळं आणि नीट बसवलेलं असणं वेगळं. डीएलसी मूळ गेमनंतर काही महिन्यांनी, गेम संपवलेल्या लोकांसाठी बनतं. ते सगळं पहिल्या मिनिटापासून नव्या खेळाडूच्या हातात दिलं, तर गेमचा तोल जातो. याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २०१२ ची फॉलआउट: न्यू वेगास अल्टिमेट एडिशन. डॉक मिचेलच्या घरातून बाहेर पाऊल टाकताच पडद्यावर एकामागोमाग सूचना येतात आणि 'कुरियर्स स्टॅश'मधले चारही प्री-ऑर्डर पॅक झोळीत पडतात: चिलखत, बंदुका, गोळ्या, औषधं. गुडस्प्रिंग्जमध्ये एकेक गोळी मोजून वापरायची, ही सुरुवातीच्या तासांची सगळी मजा तिथेच संपते. त्यात चारही कथानक-डीएलसी कमाल लेव्हल प्रत्येकी ५ ने वाढवतात, ३० वरून थेट ५० पर्यंत. बाजूच्या मोहिमा आधी उरकणारा खेळाडू हूवर धरणाच्या शेवटच्या लढाईला पोचतो, तेव्हा समोर फारसं आव्हान उरलेलं नसतं.

लेजंडरी एडिशनमध्ये बायोवेअरने हा धोका ओळखला होता. दुसऱ्या भागातली डीएलसीची बहुतेक शस्त्रं आणि चिलखतं आता सुरुवातीलाच हातात येत नाहीत. दुकानांत विकत घ्यावी लागतात किंवा जहाजावरच्या संशोधनातून मिळवावी लागतात, तीही कथा पुढे सरकेल तशी. हे काम दिसायला लहान, पण करायला किचकट. प्रत्येक वस्तूची किंमत, ती कुठल्या ग्रहावर कधी दिसेल, तोवर खेळाडूकडे किती क्रेडिट्स (गेममधले पैसे) असतील, सगळं नव्याने मांडावं लागतं. २०१४ च्या स्लीपिंग डॉग्ज: डेफिनिटिव्ह एडिशननेही २४ डीएलसी आत घेताना असाच तोल नव्याने साधला होता. डार्क सोल्स २ च्या 'स्कॉलर ऑफ द फर्स्ट सिन' आवृत्तीत तर डीएलसीच्या प्रदेशांच्या किल्ल्या खिशात आयत्या मिळत नाहीत, जगात फिरून शोधाव्या लागतात. एकत्रित आवृत्ती करणाऱ्याची मेहनत मोजायची तर टेक्स्चर्स नंतर बघा, आधी या गोष्टी बघा.

कथानकाच्या डीएलसीबाबत मात्र लेजंडरी एडिशनने हात आखडता घेतला आहे. मिशनं आहेत तिथेच, नकाशावर आहेत तशीच. कुठलं कधी खेळावं याचा इशारा गेम देत नाही, आणि चुकीच्या क्रमाने खेळलं तर बरंच काही बिघडतं.

दुसऱ्या भागापासून सुरुवात करू. कासूमी आणि झाईद यांची मिशनं लवकर घ्या. दोघं साथीदार म्हणून उपयोगी आहेत, पण जहाजावर त्यांच्याशी संवादाचं चक्र उघडत नाही. जवळ गेलं की एखादं वाक्य टाकतात, बस्स. इतरांशी तासन्‌तास बोलता येतं आणि हे दोघं असे मुके, ही डीएलसीची जुनी शिवण इथे उघडी पडलेली दिसते आणि रीमास्टरमध्येही ती झाकलेली नाही. 'फायरवॉकर' ही हॅमरहेड गाडीची मोहीम सुमार आहे. 'ओव्हरलॉर्ड' मात्र चुकवू नका. त्याच्या शेवटच्या निर्णयाचा पडसाद तिसऱ्या भागात ग्रिसम अकादमीत उमटतो.

नवख्याची गाडी अडते ती 'रीपर आयएफएफ' या मोहिमेवर (रीपर म्हणजे मालिकेतली संहारक यंत्रजात). ते मिशन केल्यानंतर काही मोहिमांतच जहाजावरचे कर्मचारी पळवले जातात, आणि त्यानंतर तुम्ही दुसरीकडे रेंगाळलात तर ते मरतात. मूळ गेममध्ये तोवर बाजूची कामं बरीचशी संपलेली असायची. आता नकाशावर पाच-सहा जादा मोहिमा आहेत, त्यामुळे रेंगाळायला निमित्तं भरपूर. म्हणून जादा मोहिमा आयएफएफच्या आधी उरकाव्यात, अपवाद फक्त 'अरायव्हल'चा. हे डीएलसी मुख्य मोहीम संपायच्या बऱ्याच आधी सुरू करता येतं, पण ते लिहिलं आहे तिसऱ्या भागाकडे जाणारा पूल म्हणून: खेळाडूचं पात्र शेपर्ड एकटा जातो, बहाक ग्रहमालेतला अल्फा रिले (ताऱ्यांदरम्यान प्रवास घडवणारं यंत्र) उडवतो, बॅटेरियन जातीचे तीन लाख जीव मरतात. तिसऱ्या भागाची सुरुवात यावरच उभी आहे. ते मधेच खेळलं की एवढ्या संहारानंतर जहाजावर सगळे काहीच घडलं नसल्यासारखे वागत असतात. कलेक्टर या शत्रूचा तळ पडल्यावरच, म्हणजे दुसऱ्या भागाची शेवटची मोहीम झाल्यावरच, 'अरायव्हल' घ्यावं. बायोवेअरने ते शेवटच्या मोहिमेपर्यंत कुलूपबंद ठेवलं असतं, तर कुणाची काही तक्रार नसती.

तिसऱ्या भागात जाविक लगेच सोबत घ्या. ईडन प्राइमची मोहीम छोटी आहे, पण पुढच्या प्रत्येक ठिकाणी, विशेषतः थेसिया ग्रहावर, त्याची उपस्थिती संवाद बदलते. 'लेव्हायथन' थेसियाच्या आधी संपवा. रीपर कुठून आले याचं उत्तर त्यात आहे आणि ते न कळता शेवटाला पोचलं की कॅटलिस्टचा (अखेरचा निर्णय समोर ठेवणाऱ्या पात्राचा) प्रसंग आकाशातून पडल्यासारखा वाटतो. 'ओमेगा'त नेहमीचे साथीदार नेता येत नाहीत, एरिया आणि नायरीन या पाहुण्या पात्रांबरोबरच लढायचं. चारांतलं सर्वांत कच्चं तेच. 'सिटाडेल' मात्र सर्बेरस या संघटनेच्या सिटाडेल अंतराळस्थानकावरील हल्ल्यानंतर उघडतं आणि ते जितकं उशिरा खेळाल तितकं चांगलं, कारण तोवर जास्तीत जास्त जुने सोबती कथेत परतलेले असतात. मर्यादा एकच: सर्बेरसच्या मुख्यालयावर चाल केली की परतीचा रस्ता बंद. २०१२ च्या जूनमध्ये फुकट आलेला 'एक्सटेंडेड कट' आता मूळ शेवटाचाच भाग आहे, वेगळं काही करावं लागत नाही.

अशी क्रमवारी पुनर्प्रकाशकाने स्वतः लावून द्यावी का? माझं मत: कथेत जागा ठरलेली असेल तर नक्कीच. ॲसॅसिन्स क्रीड २ आठवा. कन्सोलवरच्या मूळ गेममध्ये कथा सीक्वेन्स ११ वरून थेट १४ वर उडी मारायची आणि मधल्या आठवणी खराब झाल्याचं कारण दिलं जायचं. गाळलेले १२ आणि १३, म्हणजे फोर्लीची लढाई आणि बोनफायर ऑफ द व्हॅनिटीज, २०१० मध्ये डीएलसी म्हणून विकले. २०१६ च्या एझिओ कलेक्शनमध्ये ते आपल्या जागी आहेत. हे डीएलसी बोनस म्हणून दिलं असं म्हणताच येत नाही, कापून काढलेला तुकडा परत चिकटवला इतकंच. मेट्रो: लास्ट लाइटचा रेंजर मोड (जास्त अवघड पातळी) तसाच. २०१३ मध्ये तो प्री-ऑर्डरवाल्यांना मिळायचा, बाकीच्यांनी विकत घ्यायचा. २०१४ च्या मेट्रो रिडक्समध्ये तो अंगभूत झाला.

पण जबरदस्तीने कथेत शिवणं नेहमीच जमतं असं नाही. डेयस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशनच्या डायरेक्टर्स कटने 'मिसिंग लिंक' कालक्रमानुसार मूळ कथेत बसवलं. कथा जुळली, पण त्या भागात नायक जेन्सनची सगळी ऑगमेंटेशन्स (शरीरात बसवलेल्या यांत्रिक शक्ती) काढून घेतली जातात. स्वतंत्र डीएलसी म्हणून ते सुटसुटीत होतं; सलग खेळताना ऐन रंगात आलेल्या खेळाडूला पुन्हा पाटी कोरी करावी लागते. वगळण्याची सोय दिली असती तर बरं झालं असतं.

स्कायरिमच्या ॲनिव्हर्सरी एडिशनचं (११ नोव्हेंबर २०२१) दुखणं याच जातीचं, फक्त मोठं. क्रिएशन क्लबचा (गेमसाठी सुटा विकला जाणारा जादा माल) अख्खा साठा आत आल्याने सुरुवातीच्या तासांतच कामांची यादी फुगते, आणि कुठली मोहीम मूळ गेमची, कुठली बाहेरून आलेली, हे नवख्याला कळत नाही. प्रत्येक जादा पॅकला मेनूत चालू-बंद करण्याचं बटण असायला हवं, हे किमान मागणं. स्टीमवर बऱ्याच गेमसाठी ते प्रॉपर्टीजच्या डीएलसी यादीत मिळतं, पण अट अशी की पॅक वेगळा नोंदलेला असावा. एकत्रित आवृत्तीत सगळं एकाच फाइलसमूहात शिजवलेलं असेल तर ती यादी रिकामी दिसते. लेजंडरी एडिशन या दुसऱ्या प्रकारची आहे: जे आत आहे ते आहेच.

आता न आलेल्या गोष्टी. पहिल्या भागाचं 'पिनॅकल स्टेशन' नाही. २००९ मध्ये डेमिअर्ज स्टुडिओने बनवलेलं हे लढाईच्या सरावाचं डीएलसी होतं: ॲडमिरल अहर्नच्या देखरेखीखाली एकेक फेरी जिंकायची, शेवटी इंटाइसे ग्रहावर एक घर मिळायचं. त्याचा सोर्स डेटाच खराब झाला होता. प्रोजेक्टचे प्रमुख मॅक वॉल्टर्स यांनी सांगितलं होतं की ते पुन्हा उभारायला टीममधल्या बहुतेकांना घेऊन आणखी सहा महिने लागले असते. २०१२ मध्ये पहिला भाग पीएस३ वर आला, तेव्हाही ते नव्हतं. खरं सांगायचं तर डीएलसी म्हणून ते मालिकेतलं सर्वांत फुटकळ होतं आणि त्याच धर्तीचं आर्मॅक्स एरिना तिसऱ्या भागाच्या 'सिटाडेल'मध्ये जास्त चांगलं जमलं आहे. म्हणून कथेचं नुकसान शून्य. पण ज्या मोठ्या स्टुडिओला आपल्याच बारा वर्षं जुन्या कामाची शाबूत प्रत सापडत नाही, त्याने निदान इतरांना सावध करावं. कोनामीच्या २०१२ च्या सायलेंट हिल एचडी कलेक्शनची अवस्था यापेक्षा वाईट होती: अंतिम सोर्स कोड हाती नसल्याने अर्धवट कोडवरून काम करावं लागलं आणि बग थेट गेममध्ये उतरले. सगळं डीएलसी द्या म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की काही वेळा द्यायला जिन्नसच शिल्लक नसतो.

दुसरी गळती मोठी: तिसऱ्या भागाचा मल्टिप्लेअर. त्याबरोबर रिसर्जन्स, रिबेलियन, अर्थ, रिटॅलिएशन आणि रेकनिंग हे पाचही पॅक गेले. ते मुळात फुकट होते, त्यामुळे 'विकत घेतलेलं हिरावलं' असं म्हणता येणार नाही. मूळ गेममध्ये मल्टिप्लेअर न खेळणाऱ्याची गॅलॅक्टिक रेडिनेस (युद्धसज्जतेची टक्केवारी) ५० टक्क्यांवर अडकायची आणि एकट्याने जमवलेल्या सैन्याची किंमत निम्मी व्हायची. लेजंडरी एडिशनने हा गुणाकारच काढून टाकला आणि हिशोब एकट्याच्या खेळावर आणला. हे योग्य केलं. नुसता मल्टिप्लेअर काढला असता आणि हिशोब तसाच ठेवला असता, तर चांगला शेवट कुणालाच सहजी मिळाला नसता. मल्टिप्लेअरप्रेमींचं दुःख खरं आहे, तरी पाकिटावर 'सिंगल-प्लेअर' हा शब्द छापलेला आहे, फसवणूक नाही.

मल्टिप्लेअर वगळणं हा आता रिवाजच झाला आहे. बायोशॉक: द कलेक्शनमध्ये दुसऱ्या भागाचा मल्टिप्लेअर नाही, मात्र 'मिनर्व्हाज डेन' आणि 'बरिअल ॲट सी'चे दोन्ही भाग आहेत. अनचार्टेड: द नेथन ड्रेक कलेक्शन, एझिओ कलेक्शन, २०२३ चा रेड डेड रिडेम्प्शन, सगळ्यांनी तेच केलं. उलट वाट चालणारं एक मोठं उदाहरण म्हणजे हेलो: द मास्टर चीफ कलेक्शन. जुन्या गेममध्ये नकाशांचे पॅक विकले की खेळाडू विभागले जायचे: ज्याच्याकडे पॅक नाही तो त्या नकाशाच्या सामन्यात येऊ शकत नाही. कलेक्शनने शंभराहून जास्त नकाशे सगळ्यांना दिले, म्हणजे डीएलसी सर्वांना देण्याचं सर्वांत भक्कम कारण प्रत्यक्षात आणलं. किंमतही मोजावी लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये डिस्कवर ४५ जीबी आणि पहिल्याच दिवशी २० जीबीचा अपडेट, आणि तरीही मॅचमेकिंग (ऑनलाइन सामन्यांसाठी खेळाडू जुळवणं) कित्येक आठवडे धड चाललं नाही.

लायसन्सची अडचण वेगळी. पाहुणं पात्र किंवा गाणं ठरावीक मुदतीचं असतं. २०१८ मध्ये जीटीए ४ मधली काही गाणी मुदत संपल्याने अपडेटद्वारे काढली गेली. मूळ ॲलन वेक तर २०१७ मध्ये संगीताच्या हक्कांमुळे विक्रीतूनच उतरला आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये परतला. इथे प्रकाशकाला सूट द्यावी, पण गळलेल्या गोष्टींची यादी विक्रीपानावर हवी. क्रायसिस रीमास्टर्ड ट्रिलॉजीत 'वॉरहेड' नाही, हे खरेदीनंतर कळायला नको.

विकत घेण्याआधी काय बघायचं? पहिलं, 'कम्प्लीट', 'डेफिनिटिव्ह', 'अल्टिमेट' या नावांवर जाऊ नका. स्टोअरच्या पानावरची डीएलसीची नावं मूळ गेमच्या पानावरच्या यादीशी एकेक करून ताडून बघा. दुसरं, डिस्क किंवा कार्ट्रिजच्या आवृत्तीत डीएलसी माध्यमावर आहे की पाकिटात कोडचा कागद आहे ते तपासा. कोड एकदाच चालतं, सेकंड-हँड प्रतीत ते बहुधा वापरलेलं असतं. स्विचच्या पाकिटावर डाउनलोड आवश्यक असल्याची पट्टी असेल तर कार्ट्रिजवर सगळं नाही. स्विच २ च्या गेम-की कार्डवर तर गेमच नसतो, फक्त डाउनलोडची किल्ली असते. तिसरं, कोड असेल तर डिस्कचा आणि खात्याचा प्रदेश एकच हवा. प्लेस्टेशनवर दुसऱ्या प्रदेशाचं डीएलसी खात्यावर येतं, पण गेम त्याला ओळखत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या डाउनलोडला दिला जातो.

आणि आवृत्ती आल्यावरही थोडं थांबा. बॉर्डरलँड्स: द हँडसम कलेक्शन मार्च २०१५ मध्ये सगळ्या डीएलसीसह आलं, चार वर्षांनी, जून २०१९ मध्ये, बॉर्डरलँड्स २ साठी नवं डीएलसी निघालं. ते ८ जुलैपर्यंत फुकट होतं, नंतर नाही. जुन्या खरेदीदारांची कुचंबणा याहून वाईट असू शकते: २०२० मध्ये 'कंट्रोल' या गेमचा नव्या कन्सोलसाठीचा मोफत अपग्रेड फक्त अल्टिमेट एडिशनवाल्यांना मिळाला, मूळ गेम आणि सीझन पास वेगवेगळे घेणारे बाहेर राहिले. माल तोच, पैसे बहुधा जास्त, तरी अपग्रेड नाही.

लेजंडरी एडिशनसाठी पीसीवर १२० जीबी जागा मोकळी ठेवा. मालिका कधीच खेळली नसेल तर दुसरा पर्याय शोधू नका. मूळ गेम सगळ्या डीएलसीसह पीसीवर आधीच असतील आणि तिसऱ्या भागाचा मल्टिप्लेअर आवडत असेल, तर मूळ प्रत काढून टाकू नका. 'पिनॅकल स्टेशन' हवंच असेल तर तेही पीसीवर मिळतं: मॉड करणाऱ्यांनी (गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या चाहत्यांनी) जुन्या पीसी आवृत्तीच्या फाइलींवरून ते २०२२ मध्ये पहिल्या भागात परत आणलं. एमई३ट्वीक्स मॉड मॅनेजरमधून ते चढवायचं. त्याआधी गेम एकदा चालवून बंद करा आणि सेव्हची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कन्सोलवाल्यांना मात्र ही वाट नाही.